जुन्या मोटारीचा अस्सल जॅक कसा ओळखावा ?

वडिलार्जित मोटार ज्या घरांत अद्याप सांभाळून ठेवलेली आहे, तेथें तिचे दिवे, तिचा रंग, तिच्या गाद्या यांची निगा सर्वचजण राखतात. हत्यारांची मात्र विचारपूस कोणी करीत नाहीं. पाने आणि पक्कड घरकामास जातात, पंप मुलांच्या सायकलीकडे वळतो, आणि जॅक हा एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा समजून एके दिवशीं भंगारवाल्याच्या तागडींत पडतो. पुढें गाडी पूर्ववत् करण्याचें घरांत ठरलें, म्हणजे त्याच ठोकळ्यासाठीं शोधाशोध सुरू होते. आणि 'अस्सल' म्हणून जें पुढें केलें जातें, त्याची किंमत द्यावी कीं नाहीं हें कळत नाहीं. आमचें मत असें कीं, अशा वेळीं शिक्क्यापेक्षां मापावर विश्वास ठेवावा.

उदाहरणार्थ, फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए' ही गाडी घेऊं. डिसेंबर १९२७ मध्यें ती बाजारांत आली, आणि उत्पादन थांबेपर्यंत अशा ४८ लक्षांहून अधिक गाड्या तयार झाल्या. गाडीबरोबर पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, ग्रीजची पिचकारी, हवेचा पंप आणि जॅक हीं हत्यारें मिळत. फोर्डच्या यादींत जॅकचा मूळ क्रमांक १७०८०, आणि त्यापूर्वीं गाडीचें 'ए' हें अक्षर. पहिला सांपळा येथेंच आहे. मूळ क्रमांक पुढील गाड्यांसाठींही तोच राही. आरंभींचें अक्षर वा आंकडा तेवढा बदले. तेव्हां नुसता क्रमांक सांगितल्यानें गाडी ठरत नाहीं. कारखानदाराचें नांवही पुरेसें नव्हे. अमेरिकेंतील रसीन गांवची वॉकर कंपनी किंवा इंग्लंडांतील ब्रेन्ट्रीची लेक अँड एलियट यांसारखे कारखानदार अनेक प्रकारचे जॅक करीत. नांव एक म्हणून गाडी एक, असा हिशेब चालत नाहीं.

आतां मापाकडे वळूं. त्या काळचा जॅक थेट आंसाखालीं बसे. टायरची हवा गेली म्हणजे आंस खालीं येतो. त्या तोकड्या जागेंत मिटलेला जॅक शिरला पाहिजे, आणि उघडल्यावर हवा भरलेलें चाक जमिनीला न टेकतां बसेल इतका उंच गेला पाहिजे. या दोन उंचींच्या बेतानेंच तो घडविलेला असतो. 'मॉडेल ए'चीं चाकें १९२८ व १९२९ सालीं २१ इंची होतीं, टायर साडेचार इंच रुंदीचे. १९३० पासून चाकें १९ इंची झालीं आणि टायर पावणेपांच इंचांचे. या आंकड्यांवरून हिशेब केला तर आंस सुमारें पाऊण इंच खालीं आला. पाऊण इंच म्हणजे कांहींच नाहीं असें वाटेल. परंतु रस्त्याच्या कडेला चिखलांत गुडघे टेकून बसलेल्या मनुष्यास त्याचें मोल विचारावें!

नकला ओळखण्यासही माप उपयोगीं पडतें, आणि ही गोष्ट आम्हांस विशेष रंजक वाटते. जुन्या जॅकचाच वाळूंत ठसा घेऊन कोणी नवा ओतला, तर तो किंचित् लहान निघतो; कारण ओतीव बीड थंड होतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. अक्षरांच्या कडाही बोथट होतात. गंज आणि तेलाचा मळ कोणासही चढवितां येतो. हें आकसणें मात्र लपवितां येत नाहीं.

पुढें गाड्या ठेंगण्या झाल्या, पुढच्या चाकांचा अखंड आंस गेला, आणि बंपरला लावावयाचे जॅक आले. फोक्सवागनच्या 'बीटल'ला तर बाजूस खालीं नळीच बसविलेली असे; जॅकचा दांडा तींतच शिरावयाचा. तेथें पारख सोपी, कारण कुलुपास किल्ली लागते किंवा लागत नाहीं.

आपल्याकडील गाड्यांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंतील 'मॉडेल ए'च्या दोन मोठ्या मंडळांनीं गाडी पारखण्याचे संयुक्त नियम छापले आहेत, आणि ते मोठे कसोशीचे आहेत. परंतु हिंदुस्थानांत फोर्ड गाड्या येत त्या मुख्यतः कॅनडाच्या शाखेकडून. मुंबईंतील एखाद्या गाडीच्या जॅकावर किंवा पान्यावर कॅनडाचा छाप आढळला आणि अमेरिकन पुस्तकांत तो नसला, तर तेवढ्यावरून तो परका ठरवून टाकून देणें म्हणजे घरचें माणूस न ओळखण्यासारखें होय.

जॅक अस्सल ठरला तरी त्याच्या एकट्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये; नव्वद वर्षांचें मळसूत्र केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. उचललेल्या गाडीस भक्कम स्टँड द्यावेत, आणि उरलेल्या चाकांस उटी लावावी. माळ्यावर जॅक सांपडलाच, तर त्याचे आटे रॉकेलानें किंवा डिझेलनें हळूहळू मोकळे करावे. पॉलिशपेपर फिरवूं नये. मूळ रंगाचा जो थोडाबहुत थर राहिला असेल तो एकदां खरवडला म्हणजे परत मिळत नाहीं.