न दिसणाऱ्या तेलाचा खेळ

बोलिंग म्हटले की आपल्याकडे क्रिकेटमधील गोलंदाजीच मनात येते. आम्हांस येथे अभिप्रेत आहे तो अमेरिकेत वाढलेला टेनपिन बोलिंगचा खेळ. साठ फूट लांबीच्या लेनवरून जड चेंडू घरंगळत सोडावयाचा व पलीकडे त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडावयाच्या, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप. यात नेमापलीकडे काय आहे, अशी शंका वाचकांस येईल. परंतु स्पर्धेतील खेळाडू एकच नव्हे, चांगले पाचसहा चेंडू बरोबर आणतो, आणि त्यांतील कोणता केव्हा हाती घ्यावा यावर पुष्कळदा सामना फिरतो.

याचे कारण तेल. लेनवर यंत्राने खनिज तेलाचा अत्यंत पातळ थर देतात. एका लेनला सुमारे २० ते ३० मिलिलिटर पुरते. पूर्वी हे लाकडाच्या रक्षणार्थ असे, आता तोच खेळाचा गाभा झाला आहे. सामान्यतः पहिले ४० फूट तेलकट, पुढले २० कोरडे. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्यात येताच फिरकीमुळे पकड घेऊन आत वळतो, आणि उजव्या हाताच्या खेळाडूस तो पहिल्या व तिसऱ्या पिनेमधील फटीत तिरपा शिरवावयाचा असतो.

पॉलिएस्टरचा चेंडू फारसा वळत नाही. एकटीदुकटी उरलेली पिन टिपण्यास तो बरा. १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेला युरेथेनचा चेंडू सौम्यपणे, भरवशाने वळतो. १९९० नंतर आलेला रिअॅक्टिव्ह रेझिनचा चेंडू तेल शोषतो व शेवटी जोराने वळतो. शिवाय खरखरीत पृष्ठभाग लवकर पकडतो, गुळगुळीत उशिरा. अमेरिकन काँग्रेसच्या (अर्थात बोलिंगच्या!) नियमांनुसार खेळ चालू असता पृष्ठभाग घासून बदलता येत नाही, म्हणूनच हा चेंडूंचा लवाजमा.

आता खरी अडचण अशी की, प्रत्येक फेकीसरशी तेल हलते. कोठे ते उडते, कोठे पुढच्या कोरड्या भागात ओढले जाते. आणि डोळ्यांस यांतील काहीच दिसत नाही. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकाप्रमाणे खेळाडूस केवळ अनुमानच करावे लागते. उदाहरणार्थ, कोपऱ्यातील दहावी पिन उभी राहिली. चेंडू अलीकडेच वळून त्याचा जोर सरला असेल, तर तेल उडाले आहे. मग डावीकडे तेलात सरकावे, नाहीतर उशिरा वळणारा गुळगुळीत चेंडू घ्यावा. उलट तो शेवटी वळलाच नसेल, तर तेल पुढे गेले आहे. तेथे लवकर पकडणारा चेंडू हवा. उरलेली पिन एकच, उपाय मात्र परस्परविरुद्ध! म्हणून जाणता खेळाडू पिनेकडे नव्हे, चेंडूच्या वाटेकडे पाहतो.

त्यात लेन एकट्याची नसते. सांघिक सामन्यात एकाने युरेथेनने तेल पुढे ओढले की मागून येणाऱ्या सोबत्यांचे चेंडू वळेनासे होतात; त्यामुळे कोणी कोणत्या वाटेने खेळावे हे चांगले संघ आधीच ठरवितात. एकत्र कुटुंबात नांदलेल्यांस हे विशद करून सांगावयास नको.

आमच्या मते सर्वांत अवघड निर्णय यश मिळत असतानाचा. पिना पडताहेत, पण चेंडू पूर्वीपेक्षा हातभर अलीकडे वळू लागला आहे, अशा वेळी हातचा चेंडू ठेवून देण्यास धैर्य लागते. सामना शेजारच्या दोन लेनवर आळीपाळीने होतो, आणि त्यांवरील तेलही सारखे झिजत नाही. त्यामुळे डावीकडे एक व उजवीकडे दुसरा चेंडू वापरणारे खेळाडूही आढळतात.