काट्याची साक्ष

मोटार चालविणाऱ्याला इंजिनच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही. टाकीत पेट्रोल किती उरले, इंजिनभोवतीचे पाणी किती तापले, तेलाला पुरेसा दाब आहे की नाही, हे सारे त्याला डॅशबोर्डवरील दोन-चार काटे आणि दिवे सांगतात. वैद्य नाडीवरून रोग्याची प्रकृती ओळखतो, तसा चालक या खुणांवरून गाडीची प्रकृती ओळखतो. परंतु काटा नेहमीच खरे सांगतो असे नाही. अशा वेळी बिघाड यंत्रात आहे की निरोप आणणाऱ्यात, हे शोधून काढणे हे जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांचे मोठे कौशल्य होय.

ब्रिटनमधील 'ट्रायंफ स्पिटफायर' ही दोन आसनांची छोटी मोटार याचे चांगले उदाहरण आहे. १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. तिचा सांगाडा 'ट्रायंफ हेरल्ड' या मोटारीच्या सांगाड्यावरून बेतलेला होता. हीच हेरल्ड मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने तयार होत असे. स्पिटफायर मोटारी हौशी लोक आजही जिवापाड जपतात.

या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल कमी-अधिक होईल तसा तो खाली-वर होतो आणि त्याला जोडलेली दांडी बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. टाकी भरलेली असली की विजेच्या वाटेतील अडथळा कमी होतो. रिकामी असली की वाढतो. पाण्याच्या उष्णतेची बातमी देणारा संवेदक इंजिनमध्ये बसविलेला असतो. पाणी तापत जाईल तसा त्याच्यातील अडथळाही कमी होत जातो. दोन्ही ठिकाणची वीज डॅशबोर्डवरील मापकांतून जाते. मापकात दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते व तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. वीज अधिक आली की तार तापते, पट्टी वाकते आणि काटा पुढे सरकतो. म्हणूनच हे काटे एकदम उसळी न घेता सावकाश चढतात.

येथे एक अडचण उद्भवते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असली, तरी इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास जातो. विजेचा जोर असा बदलत राहिला, तर पेट्रोल तेवढेच असूनही काटा हलेल. यासाठी डॅशबोर्डच्या मागे एक लहानशी डबी बसवितात. तिच्यातील पट्टी तापून वाकते व वीज तोडते. निवते आणि पुन्हा जोडते. या सततच्या उघडझापीमुळे दोन्ही मापकांना सरासरी १० व्होल्टची वीज मिळते.

आता समजा, पेट्रोलचा आणि उष्णतेचा असे दोन्ही काटे एकाच वेळी फार वर दाखवू लागले. टाकी एकाएकी भरली आणि त्याच क्षणी पाणीही उकळू लागले, असे सहसा घडत नाही. म्हणून जाणता कारागीर दोघांच्या सामाईक वाटेकडे, म्हणजे त्या डबीकडे, प्रथम पाहतो. मोटारीचा लोखंडी सांगाडा हाच विजेच्या परतीचा रस्ता असतो. गंजामुळे डबीचा सांगाड्याशी संबंध तुटला, तर तिची पट्टी तापत नाही, उघडझाप थांबते आणि बॅटरीची सारी वीज मापकांत शिरते. उलट, डबीतील जोड कायमचा सुटला, तर दोन्ही काटे निपचित पडतात. हे न जाणता टाकी उतरवीत बसणे म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असेच होईल.

एकच काटा चुकत असेल, तर त्याच्या एकट्याच्या वाटेची टप्प्याटप्प्याने तपासणी करावी लागते. इंजिन तापूनही उष्णतेचा काटा जागचा हलत नाही असे दिसले, तर कारागीर संवेदकावरील तार काढून क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवितो. काटा चढू लागला, तर तार व मापक निर्दोष, दोष संवेदकात. काटा हललाच नाही, तर दोष तारेत किंवा मापकात. एका चाचणीने अर्धा शोध संपतो. पेट्रोलच्या टाकीजवळ मात्र एक ठिणगीही वाफांचा भडका उडवू शकते; म्हणून तेथे अनुभवी कारागिरानेच हात घालावा.

तेलाच्या दाबाचा दिवा या सर्वांत महत्त्वाचा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरविताच तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू होऊन दाब आला की विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर सर्व ठीक आहे असे समजू नये. दिवाच गेलेला असण्याचा संभव असतो. मुका पहारेकरी हा खोटी आरोळी ठोकणाऱ्यापेक्षाही घातक होय. धावत्या गाडीत तो दिवा लागला, तर प्रथम गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, शंका-कुशंका मागाहून. दिवा खोटा ठरला, तर दहा-वीस मिनिटे वाया जातील. खरा ठरला, तर तेलावाचून घासून इंजिन निकामी होण्यापासून वाचेल. मग पट्टीने तेल मोजावे. तेल पुरेसे असूनही दिवा जळत राहिला, तर कारागीर दुसरे दाबमापक जोडून खात्री करून घेतो. त्यानंतरच तो दिव्याच्या साक्षीवर निकाल देतो.

काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा फसतो आणि त्याला खोटा म्हणून झिडकारणाराही फसतो. साक्ष ऐकावी, ती कोणत्या वाटेने आली हे पाहावे, दुसऱ्या साक्षीशी ताडून घ्यावी. आणि जेथे धोका मोठा, तेथे आधी थांबावे. जुन्या मोटारी पन्नास-साठ वर्षे धावत्या राहिल्या, त्या अशा सावध आणि चिकाटीच्या हातांमुळेच.