खाणीतले पाणी

मुंबईच्या जुहूचा समुद्रकिनारा सगळ्यांना ऐकून माहीत आहे. तिथून जवळच, अंधेरीत, काळ्या दगडाचा एक उंच सुळका उभा आहे. त्याला गिल्बर्ट हिल म्हणतात. उंची सुमारे २०० फूट. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला. तो थिजला आणि हा दगड झाला.

भोवतालचा दगड खाणी लावून फोडून नेला. १९५२ साली सरकारने या सुळक्याला संरक्षण दिले, म्हणून तो तेवढा उरला.

सुळक्याकडे नीट पाहा. त्यात उभ्या भेगा दिसतात. जणू खांबाला खांब चिकटवून ठेवला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच काळ्या कातळाचा आहे. म्हणून या भेगांची माहिती प्रत्येक गावाला हवी. दगडाची खाण आणि गावची विहीर यांचे नाते भेगांतूनच जुळते.

खाणीत पाणी येते कुठून?

तीन वाटांनी येते. एक, आभाळातून. दोन, वरच्या उतारावरून वाहत. तीन, जमिनीतून पाझरून.

पावसाचे पाणी थोडे नसते. एक एकर जागेवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस झाला. एका एकराला ३८ लाख लिटर! एवढे पाणी खाणीत शिरले तर काम बुडते. कडा भिजून ढासळते. खाली माणूस असला तर जिवावर बेतते.

उपाय काय?

खाणीच्या वरच्या अंगाला चर खणावा. आतल्या बाजूला मातीचा बांध घालावा. उतारावरचे पाणी चरातून बाजूने निघून जाते. ते खाणीत येत नाही आणि गढूळही होत नाही.

खाणीत पडलेले पाणी तळाच्या एका कोपऱ्यात खड्डा करून जमवावे. त्यात दगडाची भुकटी असते. ते पंपाने उपसून तसेच ओढ्यात सोडू नये. ओढा गाळाने भरतो. शेतात भुकटी बसते. आधी ते एका तळ्यात संथ ठेवावे. गाळ खाली बसतो. वरचे नितळ पाणी मग सोडावे. तेच पाणी खडीच्या यंत्रावर आणि रस्त्यावर शिंपडले, तर धूळही बसते.

डिझेल आणि तेलाची पिंपे पाण्यापासून लांब ठेवावीत. भेगेत उतरलेले तेल विहिरीत जाऊ शकते.

विहीर का आटते?

काळा कातळ पाणी पीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. दोन हंडे तळाशी नळीने जोडा. एकातले पाणी काढले की दुसऱ्यातलेही उतरते. खाण आणि विहीर हे असे दोन हंडे आहेत. भेगा म्हणजे नळी. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली आणि रात्रंदिवस उपसा चालला, की जवळची विहीर खाली जाऊ शकते.

किनाऱ्यावर आणखी एक धोका असतो. जुहू हे पूर्वी रेतीचे बेट होते. अशा जागी पावसाचे गोडे पाणी हलके असते. ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर चढू शकते. एकदा खारी झालेली विहीर लवकर गोडी होत नाही.

बंद पडलेली खाण

काम संपले की खाणीत पाणी साठते. वरून ते तळ्यासारखे दिसते, पण तळे नव्हे. तळ्याला उतरता काठ असतो. खाणीला सरळ कडा असते. पाय टाकला की एकदम खोल. पोहणाऱ्यालाही वर यायला आधार सापडत नाही. मुले तिथे पोहायला जातात आणि परत येत नाहीत. खाणीभोवती कुंपण हवे, आणि मुलांना समज हवी.

त्या खड्ड्यात केरकचराही टाकू नये. कचऱ्याचे पाणी भेगांतून विहिरीत उतरते, आणि तेच आपण पितो.

आपण काय करावे?

दोरीला दगड बांधून दर महिन्याला विहिरीचे पाणी मोजावे. काठापासून पाणी किती हात खाली आहे ते तारखेसह वहीत लिहावे. खाण सुरू होण्याच्या आधीपासून लिहिले तर फार चांगले. पाणी दर उन्हाळ्यात उतरतेच. मागच्या उन्हाळ्यापेक्षा ते जास्त उतरले का, हे वही सांगते.

पाणी सारखे उतरू लागले तर ग्रामसभेत वही वाचून दाखवावी. तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेलाही कळवावे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आकडे लिहिलेले असले तर उत्तर द्यावे लागते.

दगड हवाच. घर, रस्ता, पूल त्याशिवाय होत नाही. पण दगड काढताना पाणी गमावू नये. आता आपल्याला लिहिता येते. विहिरीची वही आजच सुरू करू या.