शहराचे रक्षण कशाने होते?

तट आणि तोफा असल्या म्हणजे शहर सुरक्षित झाले, ही समजूत किती अपुरी आहे हे चीनमधील चांगशा शहराच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. या शहराच्या उत्तरेस शिनच्यांग, मिलो, लाओताओ अशा नद्या एकीमागून एक आडव्या येतात. नोव्हेंबर १९३८ मध्ये जपानी फौज पहिल्या नदीपाशी येताच अधिकाऱ्यांची गाळण उडाली. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून निजलेल्या नागरिकांस न कळविता शहरच पेटविण्यात आले! हजारो माणसे मेली, पेढ्या व वखारी भस्म झाल्या. आणि शत्रू तर त्या वेळी आलाच नाही. तीन अधिकाऱ्यांस पुढे देहान्त शिक्षा झाली. पण गेलेले प्राण परत आले काय?

डिसेंबर १९४१ मध्ये जनरल श्वे युए यांनी निराळा मार्ग धरिला. रस्ते आधीच खणून टाकिले, धान्य हलविले; रयतेच्या साह्यावाचून हे होणे नव्हते. जपानी सेनापती अनामी नद्या ओलांडून शहराशी भिडला, तेव्हा समोर चिवट शिबंदी, शियांग नदीपलीकडील युएलू टेकडीवर तोफा व पाठीशी तुटलेली रसद, अशा कोंडीत तो सापडला. जानेवारी १९४२ मध्ये त्यास माघार घ्यावी लागली.

जून १९४४ मध्ये, अधिक बळाने आलेल्या शत्रूने तीच टेकडी घेतल्यावर, चांगशा पडले हे खरे. लोकांच्या साह्याने जय निश्चितच मिळतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रजेपासून संकट लपविणारा अंमल शत्रूच्या आधी स्वतःच शहर बुडवितो, हे मात्र आम्ही निःशंकपणे म्हणतो.