वाट दाखवणारे यंत्र आणि दुकानदाराचा नफा

वस्तू स्वस्त झाली म्हणजे ती अधिक खपते आणि अधिक खपली म्हणजे दुकानदाराचा लाभ वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुष्कळदा खरा ठरतो. परंतु नेहमीच ठरतो असे मात्र नाही. मोटारचालकास वाट दाखवणाऱ्या यंत्राची अमेरिकेतील व युरोपातील कथा या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

हे यंत्र तळहाताएवढे असते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून ते आपले स्थान ठरवते, पोटातील नकाशाशी ते ताडून पाहते आणि कोठे वळावयाचे ते बोलून सांगते. उपग्रहांची ही व्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. नागरी वापराच्या संकेतांत लष्करी सावधगिरी म्हणून मुद्दाम दोष ठेवलेला असे. त्यामुळे स्थान सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकू शके. शंभर मीटर चुकणारा वाटाड्या शहराच्या गल्लीबोळांत काय कामाचा? मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा दोष काढून टाकण्यात आला आणि या यंत्राला घरोघरचे गिऱ्हाईक मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

१९८९ मध्ये मॅगेलन या कंपनीने विक्रीस आणलेल्या, हातात धरावयाच्या यंत्राची किंमत सुमारे तीन हजार डॉलर होती आणि त्यात रस्त्यांचा नकाशाही नव्हता. हॉलंडमधील टॉमटॉम कंपनीचे मोटारीसाठीचे स्वतंत्र यंत्र २००४ मध्ये आले. अमेरिकेच्या गार्मिन कंपनीचे नूवी २००५ मध्ये आले, तेव्हा त्याची किंमत नऊशे डॉलरांच्या पुढे होती. पुढे संकेत टिपणारे सुटे भाग स्वस्त होत गेले, तैवानमधील कारखान्यांतून माल मोठ्या प्रमाणावर निघू लागला आणि कंपन्यांची चढाओढ लागली. २००८ च्या अखेरीस साधी यंत्रे शंभर ते दीडशे डॉलरांत मिळू लागली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही दिवाळीच होती. पण दुकानदाराच्या गल्ल्यात काय पडले?

समजा, यंत्राची किंमत पाचशे डॉलर आहे आणि दुकानदाराचा नफा शेकडा वीस आहे. तर एका यंत्रामागे त्यास शंभर डॉलर सुटतात. किंमत दीडशेवर आली आणि प्रमाण तेच राहिले, तर तीसच सुटतील. पण प्रमाण तरी कोठले टिकायला? शेजारचे दुकान भाव पाडते म्हणून यालाही पाडावा लागतो. नफा शेकडा दहावर आला की हाती पंधरा डॉलर राहतात. किंमत शेकडा सत्तरने उतरली, तर प्राप्ती शेकडा पंच्याऐंशीने. पूर्वीची कमाई राखावयाची तर एका यंत्राच्या जागी सात यंत्रे विकली पाहिजेत. इकडे दुकानाचे भाडे, विक्रेत्याचा पगार, यंत्र समजावून सांगण्यास लागणारा वेळ आणि परत आलेल्या मालाची उठाठेव यांत मात्र दमडीचीही सूट मिळत नाही.

उतरत्या बाजारात आणखी एक संकट असते. एकशे पस्तीस डॉलरांना घेतलेला माल फळीवर असतानाच बाजारभाव एकशे तीसवर आला, तर नफा दूरच, मुद्दलालाच कात्री लागते. यास्तव मोठी दुकाने कंपनीकडून भावफरकाची भरपाई मागून घेतात. लहान दुकानदाराच्या शब्दाला तेवढे वजन नसते. नोव्हेंबरातील सणाच्या विक्रीत तर असे यंत्र जवळजवळ खरेदीच्या भावाने देऊन गिऱ्हाईक दुकानात ओढावयाचे, आणि काचेवर बसवावयाची बैठक वा कातडी पिशवी यांवर चार पैसे मिळवावयाचे, अशी रीत पडली. मुख्य वस्तू आमिष झाली आणि नफा जोडवस्तूंत गेला.

तेवढ्यात स्पर्धकच निराळ्या दाराने आत आला. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत भ्रमणध्वनीवर हीच सेवा विनामूल्य देण्याचे जाहीर केले आणि गार्मिन व टॉमटॉम यांच्या समभागांचे भाव त्याच दिवशी कोसळले. जानेवारी २०१० मध्ये नोकियानेही आपली सेवा मोफत केली. टॉमटॉमने २००८ मध्ये टेली अ‍ॅटलस ही नकाशांची कंपनी सुमारे २.९ अब्ज युरो देऊन घेतली होती. त्याच वर्षीच्या हिशेबात तिला एक अब्जाहून अधिक युरोंची घट दाखवावी लागली. पुढे गार्मिनने मनगटी घड्याळे, विमाने व नौका यांच्या उपकरणांवर भर दिला. टॉमटॉमने नकाशे पुरवण्यावर. कारखानदाराला असा मार्ग बदलता आला. दुकानदाराच्या फळीवर मात्र रिकामी जागा तेवढी राहिली.

स्वस्ताई वाईट, असा याचा अर्थ नव्हे. जे साधन एके काळी मूठभरांना परवडे, ते आज कोट्यवधींच्या खिशात आहे. परंतु दुकानदाराचा नफा म्हणजे केवळ मधल्यामध्ये काढलेली साय नव्हे. माल आगाऊ घेऊन ठेवणे, तो समजावून सांगणे, बिघडला तर परत घेणे, या श्रमांचा तो मोबदला असतो. मोबदला आटला की ते श्रमही हळूहळू थांबतात. मग यंत्र स्वस्तात हाती पडते. पण ते अडले तर विचारावे कोणाला, हा प्रश्न गिऱ्हाइकापाशी उरतो.