मंडळींतील गुणांची देवघेव

बुद्धीच्या किंवा हाताच्या विशेष गुणास इंग्रजींत ‘टॅलंट’ म्हणतात. हा शब्द मूळचा गुणवाचक नव्हे. प्राचीन ग्रीक लोकांत ‘तालंत’ हें एक मोठें वजन होतें व तेवढ्या रुप्याचें मोल मजुराच्या पंधरावीस वर्षांच्या मजुरीइतकें भरे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत धन्यानें चाकरांस जें द्रव्य सोंपविलें, तें हेंच. त्या दृष्टांतावरूनच पुढें ह्या शब्दास गुणाचा अर्थ आला. तिसऱ्या चाकरानें तें द्रव्य उधळलें नाहीं कीं चोरलें नाहीं. पुरून ठेविलें व जसेंच्या तसें परत केलें. तरीहि तो दोषी ठरला. ह्यावरून गुण झांकून ठेवणें हाहि अपराधच होय, हें उघड आहे.

आतां गुण म्हणजे काय? पुष्कळांस वाटतें कीं, गाणें व भाषण हेच गुण. पण शास्त्रांत बसालेलाची थोरवी सांगितली आहे ती धातूच्या व लांकडाच्या कारागिरीसाठीं. आणि यापो येथील दुर्कस स्मरणांत राहिली ती विधवांसाठीं शिवलेल्या वस्त्रांमुळें.

आमच्या जिल्ह्यांत ह्या दोन्ही प्रकारच्या गुणांचीं उदाहरणें आहेत. शेवगांवच्या एका बाजूस ज्ञानेश्वरीचें नेवासें व दुसऱ्या बाजूस एकनाथांचें पैठण. अशा भूमींत कीर्तन लोकांच्या रक्तांतच असावयाचें. एकोणिसाव्या शतकांत कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं नगरकडील मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरास येऊन राहिले व निरक्षर शेतकऱ्यासहि गातां येतील अशीं भजनें त्यांनीं मंडळीस दिलीं. लक्ष्मीबाई टिळक लग्नाच्या वेळीं निरक्षर होत्या; पतीनें त्यांस वाचावयास शिकविलें. १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. तें ह्याच बाईंनीं पुरें केलें. एकानें दुसऱ्यास दिलेला गुण असा वाढून परत येतो.

हातांच्या गुणांचेंहि तसेंच. नगरच्या मिशनच्या उद्योगशाळेंत मुलांस सुतारकाम व धातुकाम शिकवीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील मिशनरी डी. सी. चर्चिल ह्यांनीं जलद चालणारा हातमाग तयार केला. अभियंत्याची विद्या अशा रीतीनें विणकराच्या कामीं आली.

ह्या गोष्टीचें महत्त्व आमच्या देशांत विशेष आहे. येथें धंदा जन्मावरून ठरे. दोर वळणारास, कातडें कमावणारास व हलगी वाजविणारास गांवाबाहेर ठेवीत. आमच्यापैकीं अनेकांचे पूर्वज तेच होते. मंडळींत जर आम्हीं गळ्यास मान व हातास कमीपणा दिला, तर तोच जुना भेद नव्या नांवानें आंत घेतल्यासारखें होईल.

ह्यासाठीं करावें काय? हंगामाच्या सणास आपण धान्य, कोंबडीं, अंडीं आणतों व त्यांचा लिलाव करितों. त्यांच्या शेजारीं गोधडी, टोपली, खुर्ची, मुलांनीं काढलेलें चित्र, ह्यांसहि जागा असावी. शिवणारी, गवंडी, वीजतंत्री, पेटी वाजविणारा, सर्वांचीं नांवें पाळकांजवळ असावींत. म्हणजे गरजूस कोणाकडे जावें हें कळेल. आणि ज्यास जें येतें तें त्यानें वर्षाकांठीं निदान एका मुलास शिकवावें. बक्षिसें थोडीं असलीं तरी चालतील. बक्षीस एकासच मिळतें. शिक्षण अनेकांस मिळूं शकतें.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलें शिकून पुण्यामुंबईस जातात, हें योग्यच आहे. परंतु घरांतील वृद्धांस ज्या जुन्या चाली येतात, त्या मुलांनीं जाण्यापूर्वीं शिकून घ्याव्यात. भजनाचे शब्द पुस्तकांत राहतात. चाल मात्र गळ्यांतच राहते, आणि ज्याच्याबरोबर ती जाते, त्याच्यामागें ती शोधूनहि सांपडत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, आपला गुण लहान आहे असें म्हणून कोणीं मागें राहूं नये. ज्यानें पुरून ठेविलें त्या चाकरासहि थोडेंच मिळालें होतें. परंतु त्याच्याकडे हिशेब मागितला गेला तो तेवढ्याचाच.