हाळी ऐकू आली, पण शेतात शिरलं काय? मूत्राशयाचा कर्करोग आणि दाहाचे रेणू

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात मे महिन्यात लघवीची तक्रार सांगितली की उत्तर ठरलेलं असतं: "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी घ्या." जळजळ होऊन थेंबथेंब लघवी होत असेल तर हा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही निघतो. पण लघवी लाल झाली, काहीच दुखलं नाही आणि दोन दिवसांत ती आपोआप साफ झाली, तर तिला उन्हाळी समजून सोडून देणं धोक्याचं आहे. न दुखता लघवीतून रक्त जाणं हेच मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचं सर्वांत नेहमीचं पहिलं लक्षण. हे रक्त थांबतं, कधी कित्येक महिने दिसत नाही, आणि गाठ आत वाढत राहते. बायकांच्या बाबतीत तर 'इन्फेक्शन'च्या नावाखाली गोळ्यांचे कोर्सवर कोर्स होतात आणि निदान लांबतं. दुखत नाही म्हणून गंभीर नाही, हा या आजारातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

अलीकडे त्यात आणखी दोन समजुतींची भर पडली आहे. एक, रिपोर्टमध्ये सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) वाढलेला दिसला की कॅन्सरच असणार. दुसरी याच्या उलट: आता लघवीच्या एका तपासणीत कॅन्सर कळतो, मग दुर्बीण घालून घ्यायची कशाला? दोन्ही समजुती एकाच अर्धसत्यावर उभ्या आहेत: कर्करोगात दाहाचे रेणू वाढतात.

शरीरात कुठे इजा किंवा जंतुसंसर्ग झाला की दाह सुरू होतो: पेशी छोटी प्रथिनं सोडतात आणि एकमेकींना निरोप देतात. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलं इंटरल्युकिन-6 यकृताला सीआरपी बनवायला लावतं. इंटरल्युकिन-8 न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतं. मूत्राशयातल्या गाठीच्या पेशी आणि गाठीभोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी, दोघीही हे रेणू सोडतात. गाठ त्यांचा फायदाही उचलते: इंटरल्युकिन-8 मुळे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते आणि गाठीला रक्तपुरवठा मिळतो. त्यामुळे या रुग्णांच्या लघवीत इंटरल्युकिन-8 सरासरीने जास्त सापडतं. इथपर्यंत सगळं खरं आहे.

घोळ पुढे होतो. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गातही हेच इंटरल्युकिन-8 भरपूर वाढतं. मुतखड्यात किंवा बरेच दिवस नळी घातलेली असली तरी ते वाढू शकतं. हे जागलीवरच्या हाळीसारखं आहे. बोरच्या जंगलाला लागून असलेल्या हिंगणी भागात रात्री जागलीवरच्या माणसाने हाळी दिली की एवढंच कळतं, शेतात काहीतरी शिरलं आहे. रोही आहे, रानडुक्कर आहे की वाघ, ते बॅटरी घेऊन पाहिल्याशिवाय समजत नाही. सीआरपी तर त्याहून मोघम. तो न्यूमोनियात वाढतो, संधिवातात वाढतो, पिकलेल्या जखमेतही वाढतो. कर्करोगाचं निदान झाल्यानंतर आजाराचा पुढचा अंदाज बांधायला त्याचा थोडा उपयोग होतो, निदानाला नाही.

संशोधकांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. एनएमपी-22 ही मूत्राशयाचा कर्करोग शोधायची लघवीची तपासणी खडा किंवा संसर्ग असतानाही फसवी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या सीएक्सब्लॅडर या चाचणीत पाच जनुकांच्या खुणा मोजतात. त्यांतली सीएक्ससीआर-2 ही खूण मुद्दाम दाह ओळखण्यासाठी घातली आहे, म्हणजे साध्या संसर्गाला चाचणी कर्करोग समजणार नाही. अशा चाचण्या डॉक्टरांना मदत करतात, पण दुर्बिणीची जागा घेत नाहीत. दुर्बिणीच्या तपासणीत बधिर करणारी जेली लावून बारीक नळी आत घालतात आणि पिशवीची आतली बाजू डोळ्यांनी पाहतात. काही मिनिटांचं काम आहे. गाठ दिसली तर भूल देऊन ती मूत्रमार्गातूनच खरवडून काढतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात. निदान पक्कं होतं ते त्या तुकड्यावरून. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होणंही चूक, कारण लहान किंवा चपटी गाठ तिच्यातून निसटू शकते.

"दाह म्हणजे वाईटच" हा आणखी एक गैरसमज, आणि इथे विषय खरा रंगतो. वर्षानुवर्षं टिकलेला दाह कर्करोगाला वाट करून देतो, हे खरं आहे. लघवीच्या पिशवीत अंडी घालणारा शिस्टोसोमा हा परजीवी त्याचं ठळक उदाहरण. इजिप्तमध्ये त्याने पिढ्यान्‌पिढ्या मूत्राशयाचे कर्करोग घडवले. भारतात माणसांमधल्या या परजीवीच्या संसर्गाचं ठिकाण म्हणून वैद्यकीय ग्रंथांत एका गावाचं नाव येतं आणि ते महाराष्ट्रातलंच आहे: रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये त्याची नोंद केली.

पण याच मूत्राशयात डॉक्टर मुद्दाम दाह पेटवतात आणि त्याने रुग्णाला फायदा होतो. 1976 मध्ये कॅनडातल्या आल्व्हारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस थेट मूत्राशयात सोडून गाठी परत येण्याचं प्रमाण कमी होतं, असं दाखवलं. स्नायूपर्यंत न पोचलेल्या पण धोक्याच्या गाठींवर आजही हाच प्रमुख उपचार आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या कामासाठी वेगळी बीसीजी बनवते. पद्धत साधी आहे. बारीक नळीतून औषध पिशवीत सोडायचं, नळी काढायची आणि रुग्णाने साधारण दोन तास लघवी रोखून धरायची. असं आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. नंतर जळजळ होते, अंग कसकसतं, थोडा ताप येतो. औषध सोडल्यानंतरच्या तासांत लघवी तपासली तर इंटरल्युकिन-2, इंटरल्युकिन-8, टीएनएफ असे बरेच रेणू वाढलेले दिसतात. इथे तीच हाळी शुभ असते, कारण रोगप्रतिकारक पेशी कामाला लागल्याची ती खूण आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या आशीष कामत यांच्या गटाने 2016 मध्ये अशा नऊ सायटोकाइनांच्या चढउतारावरून बीसीजी कुणाला लागू पडेल याचा अंदाज बांधणारी पद्धत मांडली. मला या रेणूंचं खरं भविष्य इथेच दिसतं. रोग शोधण्यापेक्षा उपचार कुणाला लागू पडतोय हे सांगण्यात ते जास्त उपयोगी पडतील. उलट बाजूही आहे: 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तात इंटरल्युकिन-8 जास्त असलेल्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या दुसऱ्या औषधांचा, लाभ कमी झाल्याचं दिसलं.

लहानपणी दंडावर टोचलेली बीसीजी या कर्करोगापासून वाचवते असं मात्र कुणी समजू नये. तसंच, मूत्राशयातल्या बीसीजीने क्षय होईल या भीतीने उपचार सोडू नये. तसा संसर्ग क्वचित होतो आणि त्यावर औषधं आहेत. मात्र उपचारानंतर ताप एक-दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.

आणि शेवटचा गैरसमज तंबाखूचा. विदर्भात खर्ऱ्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो हे आता घरोघरी माहीत आहे. विडी-सिगारेटचा संबंध मात्र लोक फुप्फुसाशीच जोडतात. धुरातली विषारी रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळतात आणि लघवीबरोबर ती तासन्‌तास पिशवीत साठून राहतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान हेच आहे.

लघवी लाल होण्याचं कारण बीट किंवा क्षयावरची रिफाम्पिसिनची गोळीही असू शकते, म्हणून आधी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. रक्तपेशी दिसल्या, विशेषतः वय चाळिशीपुढे असेल किंवा विडी-सिगारेट ओढत असाल, तर ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रक्त एकदाच दिसलं आणि थांबलं असेल, तरीही जा.